ओमाच्या पायांपाशी

आमच्या खोऱ्यात माणसाला पुरतात ते उगवतीकडे तोंड करून. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. शेवटच्या सकाळी शिंग वाजेल, माती सैल होईल, जो तो आपापल्या अंथरुणात उठून बसेल, तेव्हा समोर उजाडलेलं असावं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पाणी कुठल्या अंगानं वाहतं हे जसं शिकवावं लागत नाही, तसंच.

काउपेन ओढ्याच्या वरच्या टेकडीवर आमची सगळी माणसं अशी एका तोंडानं निजली आहेत. माझा नवरा लम तिथं आहे, खाणीनं पाठवला तसा, न उघडलेल्या पेटीत. आई आहे. एकटे वडील तेवढे उलटे. टेकडीच्या अगदी उगवतीच्या कडेला, सगळ्यांकडे तोंड करून. ते मंडळीचे उपदेशक होते, आणि उपदेशकाला आम्ही असंच ठेवतो. उठल्याबरोबर त्याचा कळप त्याच्या समोर यावा म्हणून. लम म्हणायचा, "तुझा बाप मेल्यावरही सोडणार नाही, व्हर्डी. डोळे चोळत उठावं तर हा समोर उभा. हजेरी घ्यायला."

त्या वर्षी मार्च उजाडता उजाडता वडिलांच्या शेजारची जागा ओमाला दिली.

ओमा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, एस्टिलची, एकुलती लेक. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर शीळ घालायची, आणि तीही बेसूर. आता बाप कोण, तर एस्टिल! आमच्या देवळात बाजाची पेटी नाही. एकजण ओळ सांगतो, मग मंडळी ती ओळ उचलते आणि चढण चढल्यासारखी सावकाश, लांबवत गाते. तीस वर्षं ती ओळ सांगणारा गळा एस्टिलचा. "बापाच्या गळ्यात पाखरू, लेकीच्या गळ्यात बेडूक," असं मी चिडवलं की ओमा म्हणायची, "असू दे, आत्या. थंडी सरली हे पाखरू नाही सांगत, बेडूकच सांगतो."

दुखणं तिच्या मणक्यात शिरलं. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून तिला घरी पाठवली ती आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. केस गेले, मग मांस गेलं, मग शीळ गेली. बेडूक ओरडायला लागण्याच्या आधीच ती गेली.

पुरायच्या दिवशी धुकं होतं. बर्फ नुकतं वितळलेलं, चिखल घोट्यापर्यंत. टेकडीवर गाडी झऱ्यापर्यंतच चढते, पुढं माणसांनीच न्यायचं. सहाजणांनी पेटी उचलली, पाय पुढं, डोकं मागं, रीतीप्रमाणे. मागच्या अंगाला डेल्फियाचा भाऊ आर्व्हिल होता. डेल्फिया म्हणजे ओमाची आई, माझी भावजय. वळणावर बीच जातीचं एक जुनं झाड आहे, तिथं आर्व्हिलचा पाय घसरला आणि त्यांनी पेटी खडकावर टेकवली. धापा टाकत थांबले. मग पुन्हा उचलली.

वर गेल्यावर एकदा झाकण उघडायचं, सगळ्यांनी शेवटचं बघून घ्यायचं, अशी आमची रीत. आर्व्हिलनं खिशातून पेचकस काढला. एस्टिल म्हणाला, "नको. राहू दे."

आर्व्हिलनं पेचकस परत खिशात घातला. बाप नको म्हणतो तर नको.

पेटी खाली गेली. एस्टिलनं ओळ दिली:

*पाण्यापल्याडचं गाव, तिथं मावळेना दिस,*
*तिथं आईच्या हातून, पुन्हा विंचरीन केस.*

आम्ही ती उचलली. धुक्यात गाणं लांब जात नाही, अंगालाच चिकटून राहतं. डेल्फिया गात नव्हती. तिचा उजवा हात जरासा हलत होता, रुमाल नाही, काहीच नव्हतं हातात. मला वाटलं, थंडीनं. नंतर कळलं, ती विंचरत होती.

डेल्फियाबद्दल एक सांगायला हवं. महिन्याच्या प्रत्येक सभेला ती यायची, मागच्या बाकावर, कडेवर पोरं असलेल्या बायकांत बसायची. पण मंडळीत दाखल झाली नाही. ओढ्यात तिचा बाप्तिस्मा झाला नाही. आमच्यात 'मी तरलो, माझं स्वर्गात नक्की' असं कुणी म्हणत नाही. तो आगाऊपणा झाला. आम्ही म्हणतो, 'मला थोडीशी आशा आहे.' तीही आपण होऊन घेता येत नाही, मिळावी लागते. एस्टिलला ती खाणीत मिळाली, डोक्यावरचं छत कोसळून अंधारात अडकला होता तेव्हा. मला लम गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, दोरीवर चादर टाकताना. उगीचच मिळाली. वारा आला, चादर फुगली, आणि मला वाटलं, आहे. डेल्फियाला नाही मिळाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी दार उघडं ठेवलंय. येणाराच येत नाही, त्याला मी काय करू?"

मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, आम्ही तिघं, एस्टिल, डेल्फिया आणि मी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेली भांडी. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या. कुणी हात लावलेला नाही. दार वाजलं आणि आर्व्हिल आत आला. टोपी हातात, डोळे जमिनीकडे.

"बस," डेल्फिया म्हणाली. "घेवडा गरम करू?"

"नको, ताई."

"आर्व्हिल जेवायला नको म्हणतोय," मी म्हटलं. "डॉक्टरला बोलवा रे कुणीतरी."

तो हसला नाही. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गोल गोल फिरवायला लागला.

"ताई, मी सकाळी गाईखाली बसलो होतो. धार काढत होतो. आणि एकदम हाताला पेटीची कडी आठवली." तो थांबला. "झऱ्यापासून निघालो तेव्हा मी तिच्या डोक्याकडची कडी धरली होती. बरोबर? बीचपाशी आम्ही पेटी टेकवली. झाड आणि खडक यांच्यामध्ये वळण अरुंद, पेटी फिरेना. तेव्हा मीच म्हटलं, तशीच मागल्या अंगानं पुढं घ्या, वर गेल्यावर फिरवू."

"बरं, मग?"

"मग वर गेलो. सगळ्यांचा दम उखडलेला. आणि..." टोपी फिरायची थांबली. "फिरवली नाही, ताई. कुणाला भानच राहिलं नाही. पेटी दोन्हीकडून सारखीच दिसते. खड्ड्यापाशी माझ्या हातात तीच कडी होती, आणि मी उगवतीच्या बाजूला उभा होतो."

डेल्फियाला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हळू म्हणाली, "म्हणजे माझी पोर उलटी निजलीय."

"उद्या शनिवार आहे," आर्व्हिल घाईघाईनं म्हणाला. "सहाहीजण येतील, मी विचारून आलोय. माती अजून बसलेली नाही. काढायची, फिरवायची, पुन्हा ठेवायची. तुला बघायलासुद्धा यायला नको."

"एस्टिल," डेल्फिया म्हणाली. "ऐकलंस?"

एस्टिल कॉफीच्या कपात बघत होता. कॉफी कधीच गार झालेली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

चुलीवरच्या किटलीचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला.

"काय ठाऊक होतं?"

"मी पेटीच्या मागंच चालत होतो, डेल्फी. त्यांनी बाजू बदलली ती मी बघितली. वर फिरवली नाही तेही बघितलं."

"आणि बोलला नाहीस?"

"तोंडाशी आलं होतं. 'थांबा रे, फिरवा तिला.' एवढंच म्हणायचं होतं." त्यानं कप खाली ठेवला. "आणि आतून कुणीतरी विचारलं, 'कशाला?'"

"झाकण उघडू दिलं नाहीस ते यासाठी?"

"उघडलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. मग फिरवावी लागली असती. मग मला तोंड सरळ ठेवून उभं राहावं लागलं असतं, जसं काही उद्या सकाळी ती उठणारच आहे."

आर्व्हिल उठायला लागला. मी त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. आता कुणी उठून जाणं बरं नव्हतं.

"तू ओळ दिलीस की काल," डेल्फिया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "केस विंचरायची ओळ. मी ऐकली. माझ्या हातांनी ऐकली."

"ओळी पाठ आहेत. ओठांना पाठ आहेत, त्यांना माझी गरज लागत नाही. दर वेळी ओळ सांगितली की पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटायचं. काल काही नव्हतं. नुसती माती." तो माझ्याकडे वळला. "अक्का, तू तरी सांग, मी काय करायला हवं होतं?"

मला माझी चादर आठवली, आणि भीती वाटली की आता ती फार जवळून बघायला नको.

डेल्फिया उठली, चुलीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मला आशा मिळाली नाही तेव्हा मी रडले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे. घरात माणसं दोन, दिवा एक असला तरी पुरतो. तीस वर्षं मी तुझ्या उजेडात भांडी घासली, एस्टिल. पोर आजारी पडली तेव्हा रोज वाटायचं, मला दिसत नसेल, पण याला दिसतंय. ती गेली तेव्हा मी तिचं तोंड पुसलं आणि मनात म्हटलं, जा, तुझ्या बाबांना ठाऊक आहे तू कुठं जातेस ते." ती वळली. "आणि तू विझवून बसला होतास. मला सांगितलंही नाहीस."

"विझवला नाही गं," एस्टिल म्हणाला. "विझला."

संध्याकाळी बंधू कॉर्बिन आले. वडिलांच्या नंतर मंडळी तेच बघतात. जाड, दमेकरी, मनानं लोण्यासारखे. आर्व्हिलनं त्यांना सगळं सांगितलं होतं. एस्टिलचं नव्हे, फक्त पेटीचं. त्यांनी घेवडा खाल्ला, पाव खाल्ला, करंजी खाल्ली, मग हात पुसून म्हणाले, "डेल्फिया, देवाला दिशा लागत नाहीत. समुद्रात बुडालेल्यालाही तो शोधून काढतो."

"मग तुम्हाला कसंही ठेवलं तर चालेल?" डेल्फियानं विचारलं.

बंधू कॉर्बिननी पुन्हा एकदा हात पुसले. "मला," ते शेवटी म्हणाले, "मला नीट ठेवा."

त्या दोन दिवसांत डेल्फिया पहिल्यांदा हसली. हसणं कसलं, नाकातून नुसता वारा.

"फिरवायची तर फिरवा," ते दारातून म्हणाले. "त्यात पाप नाही. न फिरवण्यातही नाही. आईबापांनी ठरवायचं."

पण आईबाप एकमेकांशी बोलत नव्हते.

शनिवारी आम्ही टेकडीवर गेलो. धुकं गेलं होतं आणि सगळं नको इतकं स्वच्छ दिसत होतं: प्रत्येक दगड, प्रत्येक नाव, ओमावरचा मातीचा उंचवटा, त्यावरची कागदी फुलं. सहाहीजण आले होते, फावडी, कुदळी आणि दोर घेऊन. डेल्फियाला येऊ नको म्हटलं होतं, म्हणून ती सगळ्यांत आधी आली होती. एस्टिल बाजूला, वडिलांच्या दगडापाशी उभा.

आर्व्हिलनं फुलं उचलून ठेवली आणि फावडं मातीत घातलं.

"थांब," डेल्फिया म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "एस्टिल, एक विचारते. सगळ्यांसमोर विचारते, माफ कर. तुला ती फिरवून हवी आहे का? माझ्यासाठी नव्हे. लोकांसाठी नव्हे. तुला वाटतं का, ती उठेल?"

वर कुठंतरी एक कावळा ओरडला. माणसं फावड्यांवर टेकून जमिनीकडे बघत राहिली. हे विचारायचं नसतं. नवऱ्याला तर नसतंच. आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: थोडीशी आशा आहे. तीन शब्दांचं काम. मी मनात म्हणत होते, म्हण रे, म्हणून टाक, खोटं असलं तरी म्हण.

एस्टिलचे ओठ हलले. तीस वर्षं त्या ओठांनी या टेकडीवर ओळी दिल्या होत्या. आणि ते नुसतेच हलले. मग त्यानं मान हलवली, नाही अशीही नव्हे, हो अशीही नव्हे. ओझं वाहणारा बैल हलवतो तशी.

"बरं," डेल्फिया म्हणाली. "खोटं बोलला नाहीस." मग आर्व्हिलला म्हणाली, "फावडं काढ. हात लावू नका तिला."

"ताई! अगं, पण..."

"शेवटचे चार महिने मी तिला वळवत होते, आर्व्हिल. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. या कुशीवरून त्या कुशीवर. दर वळवण्याला ती कण्हायची, आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून शीळ घालायला बघायची. शीळ यायची नाही, नुसती फुंकर. वळवू का विचारलं की म्हणायची, 'थोड्या वेळानं, मम्मी. आत्ता कुठं बरं वाटतंय.'" ती थांबली. "आत्ता कुठं बरं वाटतंय तिला. आता नाही वळवायची. कुणीच नाही वळवायची."

आर्व्हिल फावडं टाकून मोठ्यानं रडायला लागला. सहा फुटी माणूस, तोंड उघडं टाकून, पोरासारखा. "माझ्यामुळं," म्हणाला. "सगळे उजेडाकडे बघत उठतील आणि ती पाठ करून. आपल्या माणसांचा एवढा लोंढा समोर, ती एकटी, घाबरेल ती, ताई."

"घाबरेल," डेल्फिया म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही. ओमाला माणसांसमोर उभं राहायची लाज होती; शाळेच्या समारंभातसुद्धा ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची.

मग डेल्फिया ओमाच्या पायांच्या बाजूला गेली. वडिलांच्या पायांच्या आणि पहिल्या ओळीच्या मध्ये एक पट्टी मोकळी आहे. तिथं कुणाला पुरत नाहीत. दगडच दगड, वरून काटेरी झुडपं.

"इथं कोण आहे, वन्सं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तिथं खणता येत नाही."

"मग ही माझी जागा."

तिनं टाचेनं झुडूप मोडलं आणि खाली बसली. मी म्हटलं, "अगं, कोट भिजेल." ती आडवी झाली. चांगला कोट, मंडळीच्या सभेचा, आणि ती त्या ओल्या दगडांवर पसरून निजली. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, आमच्या सगळ्यांसारखी. तिच्या बुटांचे तळवे ओमाच्या मातीला टेकले. लेकीचे पाय तिकडून, आईचे इकडून, मध्ये वीतभर माती. तेव्हा मला कळलं. दोघी उठून बसल्या तर समोरासमोर येतील.

"उठल्यावर पहिलं तोंड माझं दिसू दे तिला," डेल्फिया आभाळाकडे बघत म्हणाली. "मागच्यांची गर्दी नंतर बघेल. उठलीच तर."

"उठलीच तर," एस्टिल म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आणि नाही उठली तर नाही. तरी मी तिच्या पायांपाशी असेन. कुठंतरी असायचंच आहे मला." ती जराशी हलली, पुन्हा हलली. "पाठीला दगड टोचतोय."

"मेल्यावर नाही टोचत," एस्टिल म्हणाला. चिडून नव्हे. थकून.

डेल्फियानं मान वळवली आणि जमिनीवरूनच त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

"तुला काय ठाऊक?" ती म्हणाली.

एस्टिल होता तिथंच उभा राहिला. कितीतरी वेळ तो तिच्याकडे बघत होता, तिच्या बुटांकडे, त्यापलीकडच्या मातीकडे. माणसं आपापली अवजारं गोळा करायला लागली होती. मग तो आला, आर्व्हिलच्या पायांपाशी पडलेली कुदळ उचलली, आणि तिच्यापाशी जाऊन हात पुढं केला.

"ऊठ जरा," तो म्हणाला. "बाजूला हो. कुठं टोचत होता?"

तिनं बोट दाखवलं. त्यानं कुदळ उचलली आणि घाव घातला. दगड वर दिसत होता त्याहून खाली बराच मोठा निघाला.